मिटल्या ओठांचा आवाज

लूमवर काम करणारी माणसं घरी आली तरी आवाज न काढता बोलतात. सुरतेला लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. खात्यात माग चालू असले की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी समोरच्याला ऐकू जात नाही. म्हणून तिथले कारीगर नुसते ओठ हलवतात, थोडे मोठे, थोडे सावकाश, आणि दोन माग पलीकडे उभा असलेला माणूस ते ओळखून हसतोसुद्धा. धागा तुटला, चहा आला, शेठ आला, सगळं ओठांवरच.

लग्न होऊन मी खानदेशातून सुरतेत गोडादऱ्याला आले तेव्हा यांना थोडंफार ऐकू येत होतं. आमचा मुलगा शाळेत जायला लागला तोवर तेही गेलं. मागांनी कान खाल्ले, असं हेच हसत सांगायचे. मग मीही यांच्याशी ओठांनी बोलायला लागले. मला ते अवघड गेलं नाही. गावी चौथीपर्यंत शाळेत होते, तेव्हा कविता सगळ्या वर्गाने एका सुरात म्हणायची असायची. मी मागच्या रांगेत बसून ओठ तेवढे हलवायचे. गुरुजींना कधी कळलं नाही. चारचौघांत माझा आवाज निघतच नाही, आणि निघाला तर माझा मलाच परका वाटतो. अशा बाईला असा नवरा मिळाला की ज्याच्याशी बोलायला आवाज लागतच नव्हता.

आमची भांडणंही तशीच व्हायची. मी फार बोलायला लागले की हे तोंड भिंतीकडे फिरवायचे. झालं, माझं बोलणं बंद. मग मी उठून त्या बाजूला जाऊन उभी राहायचे, की हे डोळे मिटायचे. शेजारणी म्हणायच्या, "तुमच्या घरातून कधी भांडण ऐकू येत नाही हो, नशीबवान आहात."

यांचा स्वतःचा असा एकच आवाज होता आणि तो यांना माहीत नव्हता. हे गुणगुणायचे. गाणं नाही, एकच सूर, नाकातून येणारा, खालचा, श्वास संपेपर्यंत लांबत जाणारा. दाढी करताना, भाकरी खाताना, चपलेचा अंगठा शिवताना तो चालू असायचा. ऐकू येत नसल्यामुळे आपण आवाज करतोय हे यांना कळायचं नाही. मुलगा मोठा झाल्यावर त्याला लाज वाटायला लागली. घरात कुणी आलेलं असलं की बापाला थांबव म्हणून तो मला हळूच सांगायचा, "माय, बाले सांग ना. पाव्हना बठेल शेतस." मी यांच्या पाठीवर हात ठेवायचे. हात ठेवला की तळव्याला तो सूर लागायचा, बारीक थरथर, पिठाच्या गिरणीच्या कट्ट्यावर हात टेकला की लागते तशी. हे चपापून थांबायचे. मला मात्र हात लगेच काढावासा वाटायचा नाही.

आमच्या घराची मागची भिंत आणि खात्याची भिंत एकच आहे. हे त्याच खात्यात कामाला होते. संध्याकाळी सातला पाळी बदलायची तेव्हा माग थोडा वेळ थांबायचे, मग एकेक करत पुन्हा सुरू व्हायचे. फळीवरची भांडी सारखी किणकिणत असायची. त्या भिंतीपाशी मी सगळं आयुष्य काढलं, पण आवाज होतो आहे असं मला कधी वाटलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर खातं उघडलं नाही तेव्हा कळलं. शेठने जुने माग भंगारात काढले आणि पलसाण्याकडे नवीन मशिनं टाकली. नवीन मशिनांवर नवीन पोरं. खात्याची जागा साड्यांची पार्सलं ठेवायला भाड्याने गेली.

हे घरी बसले. सकाळी उठून अंघोळ करायचे, कामाचा शर्ट घालायचे आणि भिंतीला पाठ लावून बसायचे. पूर्वी भिंतीतून मागांचा हादरा येत असे, तो यांना ऐकू नाही तरी पाठीला कळायचा. आता कळत नव्हता. दम आधीपासूनच होता, धाग्याच्या तुसाने म्हणा, वयाने म्हणा. थंडी पडली तसा तो वाढला आणि सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं.

शेवटच्या दिवशी यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. प्लॅस्टिकचा, पण आतून वाफेने पांढरा झालेला. त्याच्या आत यांचे ओठ हलत होते. नजर माझ्याकडे होती. मी वाकून बघितलं, पण वाफ पुसायची तर ती आतून होती. बाहेरून मी पदराने पुसत राहिले. मास्कच्या कडेवर माझं बोट होतं, ती कड बारीक थरथरत होती. नळीतल्या हवेने थरथरत असेल असं मला वाटलं. मी सिस्टरला खूण केली, मास्क जरासा बाजूला करा. ती म्हणाली, "नहीं मौसी, मास्क नहीं निकालना, ऑक्सिजन गिर जाएगा." तिचं बरोबर होतं. मी पुन्हा वाकले. इतकी वर्षं ज्या ओठांवरचं मी सगळं वाचलं ते माझ्यासमोर वीतभर अंतरावर हलत होते आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. संध्याकाळ व्हायच्या आत हे गेले.

दहावं-तेरावं झालं. पाहुणे आपापल्या गावी गेले. मुलगा पलसाण्याला डाइंगच्या मिलमध्ये आहे, तो कामावर जायला लागला. सून घरीच साड्यांवर खडे चिकटवते, तिचं काम पुन्हा सुरू झालं. आणि एका संध्याकाळी मी पीठ मळत होते तेव्हा भिंतीपलीकडे माग सुरू झाला.

पहिल्यांदा एक. मग दुसरा. मग पूर्ण रांग. मला वाटलं शेठने खातं परत चालू केलं. हात पिठाचे होते तशीच मागच्या गल्लीत गेले. शटर बंद होतं, बाहेरून कुलूप होतं. तिथे उभं राहिल्यावरसुद्धा आवाज येत होता. मग छाती धरली. श्वास आत गेला तो आतच राहिला, बाहेर येईना. बाईमाणूस रस्त्यात कशी ओरडणार, आणि मी तर नाहीच. शटरला टेकून बसले. सुनेने येऊन मला घरात नेलं.

मग रोजच व्हायला लागलं. सात वाजायला आले की आवाज, आवाजामागून छाती. डॉक्टरने छातीचा ईसीजी काढला, रक्त तपासलं आणि सांगितलं की काही नाही, मनावर ताण आहे. गोळी दिली. गोळीने झोप यायची, पण झोपेतही माग चालूच असायचे.

मुलगा घाबरला. आधीच एक माणूस श्वासानेच गेलं होतं. एका रविवारी तो माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "माय, हाई घर सोडी देऊत. भेस्तानला दोस्ताच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट रिकामा आहे. हवा आहे, लिफ्ट आहे. या भिंतीजवळ राहून तू बरी होणार नाहीस."

मी मान हलवली. नाही.

"का पण? काय आहे इथे? भिंत आहे नुसती."

त्याला काय सांगायचं? यांना काहीतरी सांगायचं राहिलं होतं. ते सांगायला हे आले तर इथेच येतील. भेस्तानचा पत्ता यांना कोण देणार? ज्याला ऐकू येत नाही तो माणूस रस्त्यात कुणाला विचारणार? मी पुन्हा मान हलवली. मुलगा चिडला. "तू बोल तरी तोंडाने! मी काही बा नाही, ओठ वाचायला."

सुनेने खड्यांची वाटी बाजूला ठेवली. ती सुरतेतच वाढलेली, गुजराती शाळेतली, तिचं बोलणं तीन भाषांचं. ती म्हणाली, "तमे बेसो ना शांतीथी. मम्मीला कशाला ओरडता? देवळाच्या हॉलमध्ये सकाळी श्वासाचा क्लास चालतो. बाजूच्या मासींचं बीपी तिथेच उतरलं. आखाजीपर्यंत मी मम्मींना नेते. फरक पडला तर इथेच राहायचं, नाही पडला तर फ्लॅट. बोला, मंजूर?"

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मी होकाराची मान हलवली. म्हणजे घर राखायचं तर आखाजीच्या, अक्षय तृतीयेच्या आत माझा श्वास मोकळा व्हायला हवा होता.

क्लास घेणाऱ्या बाई बँकेतून निवृत्त झालेल्या, पुण्याकडच्या असाव्यात, बोलणं स्वच्छ. स्कूटीवरून यायच्या. हॉलमध्ये सतरंज्या टाकून आम्ही बायका बसायचो, मराठी, गुजराती, दोघी-तिघी उत्तरेकडच्या. एका नाकपुडीने श्वास घ्यायचा, दुसरीने सोडायचा, हे मला जमलं. त्यात आवाज नव्हता. बाई सांगायच्या, "घेण्याची घाई करू नका. श्वास घेणं आपोआप होतं. सोडणं शिकायचंय. सोडणं लांबवा." मला ते पटलं. माझं अडत होतं ते सोडण्यातच.

मग ओंकार. सगळ्यांनी डोळे मिटून एका सुरात म्हणायचा. मी डोळे मिटले आणि ओठ गोल केले, मग मिटले, पुन्हा गोल केले. बाई रांगेतून फिरत होत्या. त्या माझ्यापाशी थांबल्या. वाकल्या, कान माझ्या तोंडाजवळ आणला.

"मावशी, मनात म्हणताय का?"

मी डोळे उघडले आणि नेहमीच्या सवयीने, ओठांनीच सांगितलं, नाही, म्हणतेय की.

बाईंना काही कळेना. माझ्या शेजारच्या गुजराती मासी, बीपीवाल्या, एक डोळा उघडून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "आ बेननो टीवी चालु छे, पण अवाज म्यूट छे!" सगळा हॉल हसला. मागून आमच्याच भागातली एक जण बोलली, "मला अशी मुकी सासू मिळाली असती तर मी नवस फेडला असता." आणखी हशा. मीही हसले, तेही आवाज न करता.

बाई हसल्या नाहीत असं नाही, पण मग माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. "मावशी, ओठ हलवून उपयोग नाही. याचं काम शब्दाने होत नाही, कंपाने होतं." त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवला. "आवाज केला की इथे कंप येतो. तो आला की आतलं सैल पडतं." मग त्यांनी भ्रामरी दाखवली. अंगठ्यांनी कान बंद करायचे, बोटं डोळ्यांवर, ओठ मिटलेले, आणि श्वास सोडताना भुंग्यासारखा आवाज. ओठ मिटलेले म्हटल्यावर माझं सगळंच संपलं. ओठ उघडे असताना निदान काहीतरी करत असल्यासारखं दिसत होतं. आता मी नुसती कान झाकून बसले होते.

घरी आल्यावर सुनेने मला भिंतीपाशी बसवलं. "मम्मी, मी टीव्ही फुल करते. तुम्ही काढा आवाज, कोणी ऐकणार नाही. मी पण नाही. मी तिकडे तोंड करून बसते." तिने खरंच टीव्ही मोठा केला, माझ्याकडे पाठ केली आणि साडी मांडीवर ओढून खडे चिकटवायला लागली. टीव्हीवर कुणीतरी सासू-सून जोरजोरात भांडत होत्या.

मी अंगठे कानात घातले. टीव्ही गेला. श्वास घेतला, ओठ मिटले, आणि सोडताना घशातून थोडा आवाज ढकलला. काही आलं नाही, फक्त खरखर. दुसऱ्यांदा ढकलला. आणि मग तो आला. आधी कानात मागांचा खडखडाट उठला, बंद कानांत रक्त घुमतं तसा, पण मला तो खडखडाटच वाटला. त्याच्या आतून एक सूर निघाला. खालचा, नाकातला, लांब. मी तो काढत नव्हते. माझ्या घशात तो होता, पण मी काढत नव्हते. मी त्याला वर नेलं असतं तर तो गेला नसता, थांबवलं असतं तर थांबला नसता. श्वास संपला तेव्हाच तो संपला.

मी डोळे उघडले तर टीव्ही बंद होता. सून उभी होती, हातात खड्यांची चिमटी तशीच.

"मम्मी," ती म्हणाली, "पप्पा."

त्या संध्याकाळी सात वाजता माग सुरू झाले. छाती धरायला लागली तशी मी कान झाकले आणि तो सूर येऊ दिला. सुरामागे श्वास सुटला, सगळाच्या सगळा. पुढचा आपसूक आत आला. छाती मोकळी झाली. इतक्या दिवसांत गोळीने झालं नव्हतं ते झालं, आणि मी भीतीने गार पडले होते.

पण भीती राहिली नाही. म्हणजे राहिली, पण मी तिची वाट बघायला लागले. दुपारची कामं लवकर उरकायचे. वेणी घालायचे, तोंड धुवायचे, आणि भिंतीला पाठ लावून बसायचे, हे बसायचे तशी. माग सुरू झाले की कान झाकायचे. हे यायचे. दर वेळी वाटायचं, आज सांगतील. ओठ तर मिटलेले, सांगणार कसे, हे मला कळत होतं, तरी वाटायचं. कधी सूर संपताना शेवटी थोडासा हलल्यासारखा व्हायचा, आता शब्द होईल असं वाटायचं, आणि श्वास संपायचा. पुन्हा पहिल्यापासून.

सुनेने आपलं खड्यांचं काम पुढच्या खोलीत नेलं. सातनंतर ती मागच्या खोलीत यायची नाही. भाजी फोडणीला टाकायची असली तर आधी दारातून बघायची, माझे हात कानांवर आहेत का. एकदा मी ऐकलं, ती मुलाला सांगत होती, "फरक पडलाय, छाती नाही धरत. पण मला भीती वाटते. तो मम्मींचा आवाज नाही." मुलगा आत आला. माझ्यासमोर उकिडवा बसून त्याने माझे हात कानांवरून काढले आणि हलकेच म्हणाला, "बा ग्यात, माय."

मी बाईंना विचारायचं ठरवलं. क्लास संपल्यावर बाकीच्या निघून जाईपर्यंत सतरंज्यांच्या घड्या घालत राहिले. मग जवळ गेले. आवाज काढून बोलायचं होतं, म्हणून आधी दीर्घ श्वास घेतला, त्यांनीच शिकवला तसा.

"कान बंद केल्यावर तो आवाज कुणाचा येतो?"

बाई हेल्मेट घालता घालता थांबल्या. बहुतेक माझा आवाज त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. "आपलाच, मावशी. बाहेरचा बंद झाला की आतला ऐकू येतो."

"दुसऱ्या कुणाचा येत नाही?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "कुणी गेलंय का घरातलं?"

मी मान हलवली.

"माझी आई गेली तेव्हा मला वर्षभर कुकरच्या शिट्टीत तिची हाक ऐकू यायची," त्या म्हणाल्या. "येऊ द्या. पण आवाज पूर्ण सोडा. मध्ये धरून ठेवू नका."

मी घरी येताना तेच घोकत होते. धरून ठेवू नका. पण धरलं नाही तर मग आपल्याकडे काय राहणार?

आखाजी आली. आमच्याकडे आखाजीला पितरांची घागर भरतात. यांची पहिलीच आखाजी, म्हणून नवी मातीची घागर आणली. मुलाने पाणी भरलं, वर छोटं मडकं, त्यावर खरबूज. सुनेने पुरणपोळी केली, आमरस केला, सांजोऱ्या तळल्या, कुरडया तळल्या. शेजारच्या मासींना वाटलं लग्न आहे. मग आगारी. गावाकडे चुलीतल्या निखाऱ्यावर पितरांचा घास टाकतात. इथे चूल नाही, म्हणून घमेल्यात गोवऱ्या पेटवून मागच्या खोलीत भिंतीपाशी ठेवल्या. निखारा पडला तसा मुलाने त्यावर तूप सोडलं, पोळीचा तुकडा, रस. आमच्याकडे असं मानतात की घासाने पेट घेतला म्हणजे जाणारा जेवला.

धूर झाला. पेट घेईना.

"बा, जेवाले या," मुलगा म्हणाला. पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने. "बा, जेवाले या."

सून डोक्यावर पदर घेऊन हात जोडून उभी होती. मी त्या दोघांकडे बघत होते आणि माझ्या मनात आलं, हा कुणाला हाक मारतोय? यांना ऐकू येत नाही. दहाव्याला हाका मारल्या, तेराव्याला मंत्र म्हटले, सगळं तोंडाने, आवाजाने. यांना कुणी निघा म्हणून सांगितलंच नाही. मी घमेल्याच्या समोर जाऊन बसले. धुराकडे तोंड केलं आणि ओठ मोठे, सावकाश हलवले. या. जेवायला या. काय सांगायचं होतं ते सांगा.

भरदुपारी माग सुरू झाले. पाळीची वेळ नव्हती. भिंत हादरते आहे असं मला वाटलं. छाती धरली, इतकी घट्ट आजवर धरली नव्हती. "माय! माय!" मुलगा ओरडत होता, सून पाणी आणायला धावली. मी कान झाकणार होते. पण एक हात छातीवरच राहिला. एकाच कानात अंगठा, ओठ मिटलेले, आणि सूर आला.

माझ्या तळव्याला तो लागला. माझ्याच छातीतून, माझ्याच तळव्याला. बारीक थरथर. यांच्या पाठीवर हात ठेवल्यावर लागायची तीच.

आणि मला मास्कची कड आठवली. माझ्या बोटाखाली तीही अशीच थरथरत होती. नळीतल्या हवेने अशी थरथर होत नाही. तेव्हा यांचीही छाती आता माझी धरली होती तशीच धरलेली असणार, श्वास आत अडकलेला, बाहेर येत नसलेला. तो बाहेर ढकलायला माणूस काय करणार? आयुष्यभर करत आले तेच. हे गुणगुणत होते. कदाचित सांगत काहीच नव्हते. ओठ शब्दासाठी हलत नव्हते, सुराने हलत होते. आणि माझ्याकडे बघत होते ते नुसतंच, बघायचं म्हणून.

कदाचित. मला पक्कं कधीच कळणार नाही.

पण त्या क्षणी मी सूर धरून ठेवला नाही. शेवटपर्यंत जाऊ दिला. तो बारीक होत होत गेला, आणि त्याच्या शेवटी शब्द येईल म्हणून मी थांबले नाही. पुढचा श्वास घेतला.

डोळे उघडले तेव्हा सून माझी पाठ चोळत होती. घमेल्यात नुसती राख आणि तुपाचा वास. "पेटली, मम्मी," ती म्हणाली. "केवढी मोठी पेटली. तुमचे डोळे बंद होते." मुलगा भिंतीला टेकून रडत होता. तो मोठा झाल्यापासून मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. मग आम्ही जेवलो. पोळ्या गार झाल्या होत्या.

त्या संध्याकाळी मी भिंतीपाशी बसले. सात वाजले. काही आलं नाही. रस्त्यावर रिक्षा, कुणाचा तरी मोबाइल, खात्याच्या पत्र्यावर कबुतरं. मी कान झाकून सूर काढला. बारीक निघाला, शेवटी थोडा वर जाणारा, बायकी. मला ओळखूच आला नाही. मी त्याला खाली न्यायचा प्रयत्न केला, यांच्यासारखा, तर खोकला आला. दुसऱ्या दिवशीही तेच. माग नाहीत, छाती धरत नाही.

डॉक्टरने गोळी बंद केली. क्लासमधल्या मासी म्हणाल्या, "अवाज आवी गयो!" आणि टाळ्या वाजवल्या. मुलाने भेस्तानच्या दोस्ताला फोन करून नको म्हणून सांगितलं. फोन ठेवून तो म्हणाला, "घे माय. ऱ्हाय तुन्हा घरमां." सुनेने खड्यांचं काम परत मागच्या खोलीत आणलं, उजेड तिथे चांगला येतो.

काल मी मुद्दाम काही केलं नाही. सकाळी क्लासला गेले नाही, डोकं दुखतंय म्हणाले. दुपारी नाकपुडीचा श्वास केला नाही, भ्रामरी केली नाही. सातच्या आधी वेणी घातली, तोंड धुतलं, भिंतीला पाठ लावून बसले. छाती धरावी म्हणून वाट बघितली. एकदा थोडी धरल्यासारखी वाटली, मी श्वास रोखून बघितला. रोखलेला तेवढाच राहिला. सोडल्यावर सुटला.

"मम्मी, आज घबराट नाही ना?" सुनेने विचारलं.

"नाही," मी आवाज काढून म्हणाले.

"सारू," ती म्हणाली आणि दिवा लावून भेंडी चिरायला बसली. मी तिथेच होते. श्वास आत जात होता, बाहेर येत होता. मध्ये कुणी अडवत नव्हतं.